कोपरा फाडलेलं कार्ड

सांगली, १२ नोव्हेंबर १९४५

प्रिय मानसिंग,

जयजिनेंद्र. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच शिक्षण मंडळाने मला गोडधोड पाठवलं आहे. नोटीस आली आहे. वसतिगृहाच्या मागच्या भिंतीला पावसाळ्यात जी चीर गेली ती आता हात जाईल एवढी झाली. चिटणीस दादासोंनी माणसं लावून पाया उकरून पाहिला. करारात आठ फूट आणि निघाला पाच फूट. तेव्हा ठेकेदार शांतिनाथ चौगुले याने लबाडी केली, त्याने भिंत पाडून स्वतःच्या खर्चाने नव्याने बांधून द्यावी, नाहीतर कोर्ट आहेच, असा एकूण मजकूर आहे.

मी काही घाबरलेलो नाही. देखरेख करणाऱ्या ओव्हरसियरच्या लेखी हुकमाशिवाय पायाच्या खोलीत फरक करायचा नाही, असं करारातच आहे, आणि तुझा लेखी हुकूम माझ्या फडताळात आहे. फेब्रुवारीतलं ते कार्ड तुला आठवत असेल. तुझी आई बनुबाई गेल्याचं तू दहिवडीहून कळवलंस आणि त्यातच खाली लिहिलंस की सुतकामुळे मला येता येत नाही, तू पाच फुटांवरच पाया भरून घे. आमच्या आप्पासो वकिलांनी आजच मंडळाला उत्तर धाडलं की लेखी हुकूम आमच्याजवळ आहे, वेळ आली की दाखवू. दादासोंचं तोंड बघण्यासारखं होईल.

त्या कार्डावरून आमची आई, आक्काताई, अजून माझ्यावर नाराज आहे. मरणाची बातमी आणणारं, कोपरा फाडलेलं कार्ड उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथंच फाडायचं आणि आंघोळ करून आत यायचं, ही तिची रीत. तुमच्याकडेही तीच. मी मात्र धंद्याचा कागद म्हणून ते घरात ठेवलं. नऊ महिने झाले, आईने त्या फडताळाला हात लावलेला नाही. लोणच्याची बरणीसुद्धा तिने दुसरीकडे हलवली. तू शाळेसाठी दोन वर्षं आमच्याकडे राहून तिच्या हातचं जेवलास, बनुबाई दर जत्रेला तिला खण पाठवायची, तेव्हा तिला ते जास्तच लागलं असणार. पण आता बघ, तोच कागद मला तारणार आहे.

रंगूवहिनींना नमस्कार. कवा येतोस?

तुझा,
शांतिनाथ


सातारा, १८ नोव्हेंबर १९४५

प्रिय शांतिनाथ यास मानसिंगचा रामराम.

तुझं पत्र कचेरीत हातात पडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. यापुढे कचेरीच्या पत्त्यावर लिहू नकोस, घरी लिही.

तू फार सहज लिहितोस. मी सरकारी नोकर आहे हे तू विसरलास का? दादासोंनी गळ घातली आणि शाळेच्या पोरांचं काम म्हणून मी रविवारी येऊन तुमच्या बांधकामावर नजर टाकत होतो. वरच्यांची परवानगी नाही, कागदोपत्री कुठं नाव नाही. करारात नुसतं ‘ओव्हरसियर’ लिहिलंय ते त्यासाठीच. आता माझं अक्षर आणि सही असलेलं कार्ड कोर्टात गेलं की मंडळाचे वकील ते आमच्या साहेबांपुढे ठेवणारच. नवे साहेब याच कारणावरून गेल्या महिन्यात एकाला घरी बसवून मोकळे झाले. मला पेन्शनीला दोन वर्षं राहिली आहेत. दहिवडीला जमीन आहे तिथं बाजरीसुद्धा एक साल येते आणि दोन साल येत नाही. घरातली सात माणसं माझ्या नोकरीवर जगतात.

शांतिनाथ, ते कार्ड वाढव. आपण नारळ फोडत नाही, दिवा विझवत नाही, वाढवतो. मीही तोच शब्द लिहितो, कारण दुसरा लिहायला हात धजत नाही. नाहीतरी आक्का म्हणतात तेच बरोबर आहे, असलं कार्ड घरात ठेवू नये. दादासो काही परका माणूस नाही, मी त्यांना गाठून हे प्रकरण मिटवतो. कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही, हे माझ्याकडे लागलं.

एक विचारायचं आहे. मी त्यात नक्की काय लिहिलं होतं? आईला पोचवून आलो आणि ओसरीवर बसून लिहिलं, एवढंच डोळ्यांपुढे येतं. शब्द एकही आठवत नाही.

हे पत्र वाचून फाडून टाक.

मानसिंग


सांगली, २६ नोव्हेंबर १९४५

प्रिय मानसिंग,

काम झालं. काल सकाळी न्हाणीच्या चुलीत घातलं. दोन दिवस मी ते खिशात घेऊन हिंडलो. वकिलांना विचारावं असं मनात आलं, पण ते नको म्हणाले असते आणि मग मला तुला तसं कळवावं लागलं असतं. म्हणून विचारलंच नाही.

आक्काताई पाणी काढायला आली होती. तिने कोपऱ्यावरून ओळखलं. "आत्ता आठवलं व्हय रं?" एवढंच म्हणाली. मग तिने डोक्यावरून पाणी घेतलं. तुझ्या आईच्या नावाची आंघोळ तिने नऊ महिन्यांनी केली. दुपारी बघतो तर लोणच्याची बरणी परत फडताळात.

तू काय लिहिलं होतंस ते विचारलंस. ‘कातळ लागला असल्यास पाच फुटांवर पाया भरून घ्यावा, जबाबदारी माझी.’ एवढंच होतं. त्याचा आता फार विचार करू नकोस.

वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही, उलट हलकं वाटलं. तू दादासोंना लवकर गाठ. तुझी पत्रं मात्र मी फाडत नाही, तेवढं मला जमत नाही. ती माझ्या पेटीत कुलपात आहेत.

शांतिनाथ


सांगली, ९ फेब्रुवारी १९४६

प्रिय मानसिंग,

अडीच महिन्यांत तुझी दोन ओळींची खुशाली आली, त्यात दादासोंचं नाव नाही. इकडे मंडळाने दावा लावला. परवा कोर्टाने हुकूम केला की ज्या लेखी हुकमाच्या जोरावर पाया कमी केला म्हणता, तो पंधरा दिवसांत हजर करा.

तो आपल्याजवळ आहे असं मीच वकिलांकरवी लिहून दिलं होतं. ते उत्तर तुझं पत्र यायच्या आधीच गेलं होतं, आणि कार्ड चुलीत घालताना मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही. असा मी शहाणा.

आप्पासोंना खरं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. म्हणाले, नोटीस आल्यावर पुराव्याचा कागद जाळणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि दाव्यात कोर्ट असं धरून चालतं की ज्याने कागद नाहीसा केला त्याच्या विरुद्धच त्या कागदात काहीतरी असणार. हरवलं म्हणालो तर, वकिलाच्या पत्रात जवळ आहे म्हणणारा माणूस महिन्याभरात ते कसं हरवतो, असं विचारतील. जाळलं म्हणालो तर कुणाच्या सांगण्यावरून, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर मी देणार नाही हे तुला माहीत आहे.

एकच मार्ग आहे. तू ये आणि हुकूम मी दिला होता म्हणून सांग. सांगली संस्थानच्या कोर्टाचं समन्स साताऱ्याच्या इंग्रजी हद्दीतून तुला ओढून आणू शकत नाही, आप्पासोंनी ते पाहिलं आहे. तुला स्वतःहून यावं लागेल. मी तुझ्यासाठी कागद जाळला, तू माझ्यासाठी दोन शब्द बोल. हे मागणं जास्त आहे का, तूच ठरव.

शांतिनाथ


सातारा, २१ फेब्रुवारी १९४६

प्रिय शांतिनाथ,

दादासोंना मी जानेवारीतच भेटलो होतो. तुला कळवायला तोंड नव्हतं म्हणून कळवलं नाही. त्यांनी मला चहा पाजला, रंगूची तब्येत विचारली, आणि मी विषय काढताच म्हणाले, "कसला ओव्हरसियर? आमच्या कामावर कुनी ओव्हरसियर नव्हताच की." हसत म्हणाले. मी उठून आलो.

मला येता येत नाही. साहेबांच्या कानावर कुणीतरी काहीतरी घातलं आहे, रविवारी कुठं जाता म्हणून त्यांनी मला विचारलं. मी दहिवडीला जातो म्हणालो. आता सांगलीच्या मोटारीत बसलो की संपलं.

पण मला एक सुचलं आहे. कोपरा फाडलेलं कार्ड घरात कोण ठेवतं? न्यायाधीशाच्या घरीही कुणी ठेवत नसेल. तू एवढंच सांग की कार्ड आलं त्याच दिवशी आईने रीतीप्रमाणे फाडलं, आणि वकिलाला सांगताना ते घरात असेल अशी माझी समजूत होती. यात कुणालाच शंका येणार नाही. आक्कांना कोर्टात कोण बोलावणार आहे? आणि बोलावलंच तर त्यांना नुसतं हो म्हणायचं आहे.

मी काय लिहितो आहे ते मला कळतं, शांतिनाथ. ज्या बाईने मला ताटातली अर्धी भाकरी दिली तिच्याबद्दल हे लिहितो आहे. पण मला दुसरी वाट दिसत नाही. दिसली तर तू सांग.

मानसिंग


सांगली, ३० मार्च १९४६

मानसिंग,

तू सुचवलंस तसं केलं. गेल्या आठवड्यात शपथेवर सांगितलं की कार्ड आईने त्याच दिवशी फाडलं. न्यायाधीशांनी मान हलवली. समोर बसलेली दोन म्हातारी माणसंसुद्धा बरोबर आहे अशा अर्थाने एकमेकांकडे बघून पुटपुटली. घरी येताना मला वाटलं, सुटलो. काल मंडळाच्या वकिलांनी आक्काताईला साक्षीला बोलवायचा अर्ज दिला आणि तो मंजूर झाला.

मग मला तिला सांगावंच लागलं. ती निवडत बसली होती. मी सगळं सांगेपर्यंत तिने तांदळातून हात काढला नाही. शेवटी म्हणाली, "मी फाड म्हनलं तवा तू फाडलं न्हाईस. आता न फाडलेलं फाडलं म्हन म्हनतोस. माज्या तोंडात घालायला तुला ह्येच घावलं?"

मी म्हटलं, नाहीतर मला कैद होईल. तिने पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. तुझं नाव मी घेतलं नव्हतं, पण जरा वेळाने तिनेच विचारलं, "मान्याला ठावं हाय का ह्ये?" मी हो म्हटलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तिला रागवताही येत नाही आणि मला तुरुंगात पाठवताही येत नाही. रोज ती ताट मांडते आणि मी खाली मान घालून जेवतो. घरात गुणमाला आणि मुलं आहेत, तीसुद्धा हळू बोलायला लागली आहेत.

मला आता फार अडकल्यासारखं झालं आहे. मी बांधकामं करणारा माणूस, चार भिंतींना दार कुठं काढायचं ते मला कळतं. इथे मीच बांधलं आणि दार ठेवायचं विसरलो.

तू आलास तर तिला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागणार नाही. तारीख पंधरा जून. मधे अडीच महिने आहेत.

शांतिनाथ


सांगली, ८ जुलै १९४६

मानसिंग,

पंधरा तारखेला मी दारापर्यंत तीनदा जाऊन बघून आलो. साताऱ्याची मोटार येऊन गेली होती. तुझं पत्रही नव्हतं. मग आईला पुकारलं.

ती पांढरं लुगडं नेसून आली होती. पहाटे मंदिरात जाऊन आली होती आणि तोंडात पाण्याचा थेंब घेतला नव्हता. वकिलांनी विचारलं, ते कार्ड तुम्ही फाडलं का. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"मी फाड म्हनलं हुतं. ह्यानं फाडलं न्हाई. नऊ म्हैनं फडताळात हुतं, म्हनून मी फडताळाला शिवत नव्हते. मग नोटीस आली आन् ह्यानं न्हानीच्या चुलीत घातलं. मी तितंच हुते."

न्यायाधीशांनी विचारलं, कार्ड कुणाचं होतं. ती म्हणाली, "माज्या हातचं जेवलेल्या पोराचं. नाव त्यानं येऊन सांगावं, मी न्हाई सांगायची."

त्यांनी तिला पुन्हा विचारलं नाही. पायऱ्या उतरताना तिने माझा हात धरला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा धरला. मला तिचा राग आला नाही, हे तुला सांगायचं आहे. तुझा आला. खोटं कशाला सांगू.

निकाल परवा झाला. प्रतिवादीने नोटीस मिळाल्यावर जाणूनबुजून कागद जाळला, सबब तो कागद हजर केला असता तर प्रतिवादीच्या विरुद्धच गेला असता असं न्यायालय धरून चालतं. हे न्यायाधीशांनी दोनदा वाचलं. भिंत पायापासून पाडून आठ फुटांवर नव्याने बांधून द्यायची, मंडळाचा कोर्टखर्च द्यायचा. शिवाय पुरावा नष्ट केला आणि शपथेवर खोटं बोललो म्हणून फौजदारीकडे वेगळा खटला पाठवला आहे. त्याची पहिली तारीख वीस ऑगस्ट. आप्पासो म्हणतात, मूळ हुकूम खरंच होता आणि त्यात माझ्याविरुद्ध काही नव्हतं असं सिद्ध झालं, तर नुसत्या दंडावर भागेल. नाहीतर आत जायची तयारी ठेवा.

मी तुला आता काही मागत नाही.

शांतिनाथ


सातारा, ३ ऑगस्ट १९४६

प्रिय शांतिनाथ,

आक्का म्हणाल्या ते तू लिहिलंस, त्या वाक्यावर मी तीन आठवडे बसून होतो. पंधरा जूनला मी मोटारस्टँडवर गेलो होतो. तिकीट काढलं होतं. मोटार सुटली तेव्हा मी स्टँडच्या मागे उभा होतो. हे कुणालाच सांगितलेलं नाही, रंगूलाही नाही.

काल मी साहेबांना लिहून दिलं. परवानगीवाचून तुमच्या कामावर देखरेख केली, हुकूम दिला आणि तो जाळायलाही मीच सांगितलं, असं सगळं लिहिलं. त्यांनी वाचलं आणि चाव्या ठेवून जा म्हणाले. अठ्ठावीस वर्षांची नोकरी अशी दहा मिनिटांत आटोपली. रंगू रडली, मग म्हणाली की दहिवडीत मेंढरं राखणारी माणसंही जगतात. वीस तारखेला मी येतो. या वेळी मागे उभा राहणार नाही.

सोबत एक कार्ड ठेवलं आहे. जळालेलं कार्ड मी पुन्हा लिहून काढलं, तू कळवलेस तेच शब्द: ‘कातळ लागला असल्यास पाच फुटांवर पाया भरून घ्यावा, जबाबदारी माझी.’ खाली लिहिलंय की मूळ कार्ड याच शब्दांत मीच लिहिलं होतं, आणि सही केली आहे. वकिलांना सांग, हवी तर मी यावर शपथ घेईन. मूळ होतं तसंच असावं म्हणून कोपराही फाडला आहे. घरात कुणी गेलेलं नाही, आक्कांनी घाबरू नये.

त्यांना एवढंच सांग की हे फाडू नका.

तुझा,
मानसिंग


सांगली, ९ ऑगस्ट १९४६

प्रिय मानसिंग,

तुझं पाकीट आक्काताईसमोरच उघडलं. कोपरा बघून ती मागे सरली. मी सगळं वाचून दाखवलं. तिने पदर डोळ्यांना लावला, मग कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः फडताळात, लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलं. म्हणाली, "आला म्हनायचा माजा मान्या." गुणमालाने शिरा केला. आप्पासो वकील घरी आले, त्यांनी कार्ड दोनदा वाचलं आणि म्हणाले, आता तुम्ही सुटलात. सगळे हसत होते. मी तीन दिवस त्या फडताळाकडे बघतो आहे आणि मला आता तिथं हात लावता येत नाही.

मानसिंग, मी तुला खोटं कळवलं होतं. तुझ्या कार्डात अजून एक शब्द होता. ‘कातळ सगळीकडे लागला असल्यास’ असं तू लिहिलं होतंस. सुतकात ओसरीवर बसून, डोकं ठिकाणावर नसतानाही तू तो शब्द लिहिलास.

तो सगळीकडे लागला नव्हता. मागच्या भिंतीच्या वायव्य कोपऱ्यात पहार अजून जात होती. अर्जुना गवंड्याने मला बोलावून दाखवलं, "मालक, हितं अजून काळी माती हाय." सिमेंटचं परमिट आठ दिवसांत संपणार होतं, पुन्हा मिळायला पावसाळा उजाडला असता. मी भर म्हटलं. भिंत तिथंच फाटली. कार्ड ठेवलं ते आधार म्हणून ठेवलं, आणि नोटीस आल्यावर पुन्हा वाचलं तेव्हा तो शब्द दिसला. दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो ते काही तुझ्या नोकरीच्या काळजीने नव्हे. तू जाळ म्हणालास आणि मला हायसं वाटलं. तुझ्या भीतीआड माझी भीती लपवता आली. आईला पिंजऱ्यात उभं केलं तेही त्याच शब्दापायी, आणि तुझी अठ्ठावीस वर्षंही त्यातच गेली.

ते कार्ड माझ्याविरुद्ध गेलं असतं असं कोर्टाने धरून चाललं, त्या दिवशी मी खाली बघत होतो. कोर्टाचं बरोबर होतं. त्या खोलीत ते एकट्या मलाच ठाऊक होतं.

हा शब्द तुझ्या उपयोगी आहे. तू आंधळेपणाने हुकूम दिला नव्हतास, अट घालून दिला होतास. साहेबांना हे दाखव, नोकरी नाही तरी निदान पेन्शनीचा विचार करतील. माझं जे व्हायचं ते होईल. आक्काताईला मी आज सकाळी सांगितलं. तिने फडताळातून कार्ड काढून माझ्या हातात दिलं आणि जेवायला ये म्हणाली.

त्या कार्डावर तो शब्द मीच घालावा असं एकदा वाटलं, अक्षर तुझ्यासारखं काढताही येतं. पण एका कागदाला हात लावून मी पाहिलं आहे. म्हणून ते सोबत परत पाठवतो. नवं लिही, कोपरा फाडू नकोस. ‘सगळीकडे’ हा शब्द ‘कातळ’च्या पुढे येतो. वीस तारखेच्या आत पोचेल असं टाक.

तुझा,
शांतिनाथ